मरियेची ओटी

अण्णा,

आई आता आमच्याकडंच राहणार आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवट ठाऊक असल्याशिवाय तुम्हाला गोष्टीत बसवत नसे. गणपतीत मंडळानं पडदा लावून सिनेमा दाखवला की तुम्ही शेजारच्याला विचारायचात, ‘हिरो जगतो का राव शेवटी? मग बसतो.’ तर इथली हिरोईन राहते आहे. गावी मामाकडं न्यायला भरलेली पिशवी तिनं रिकामी केली, साड्या पुन्हा कपाटात गेल्या, आणि आत्ता ती बाल्कनीत बसून शेजारणीला लसूण सोलायची योग्य पद्धत शिकवते आहे. शेजारीण बिचारी झारखंडची. तिला आईचं अर्धंच मराठी कळतं, पण सुटका नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. आईनं विचारलं तर ऑफिसचं काम आहे असं सांगणार आहे.

ती जायला का निघाली होती आणि का राहिली, हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्याचं मूळ थोडं तुमच्यापर्यंत जातं. तुम्ही गेलात. मी तेव्हा बारावीत होते. तुमच्यानंतरची पहिली संक्रांत मला कालच्यासारखी दिसते. आकुर्डीच्या आपल्या दोन खोल्या, चाळीतल्या बायकांची लगबग. तुम्हाला माहीतच आहे, चाळीतलं हळदीकुंकू आईशिवाय कधी झालं नव्हतं. वाण काय लुटायचं ते ती ठरवायची, अत्तर कुणी लावायचं ते ती ठरवायची, उशिरा आलेलीला बोलही तिचेच. त्या वर्षी शेजारच्या काकू आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनी, लाडू मात्र तुमच्याच हातचे हवेत हं.’ वाईट नव्हत्या हो त्या. त्यांना खरंच वाटलं की आपण आईचा मान राखतोय. आई स्टोव्हपुढं बसली आहे, पाक पाण्याच्या वाटीत टाकून बघते आहे, हाताला तूप लावून चटके सोसत भराभर लाडू वळते आहे. ताट मी घेऊन जाते. ती उंबऱ्याबाहेर येत नाही. मी परत आल्यावर ती विचारते, ‘कोण कोण आलतं? कुणी काय नेसलतं?’ मी एकेकीच्या साडीचा रंग सांगत जाते आणि ती मान हलवत कढई घासत राहते.

त्याच वर्षी भाद्रपदात तुमचे धाकटे भाऊ गावाहून आले आणि लक्ष्म्यांचे मुखवटे घेऊन गेले. विधवेच्या घरात लक्ष्म्या कशा उभ्या करायच्या, असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. ‘वहिनीला आता एकटीला झेपायचं नाही,’ असं म्हणाले. आईनंच ते टॉवेलात गुंडाळून दिले, वर मूठभर तांदूळ टाकले आणि एस. टी.त मांडीवरच ठेवा म्हणून बजावलं. पुढं दरवर्षी ती त्या दिवसांत गावी जायची. पुरण तिचं, आंबील तिची, सोळा भाज्यांची निवडानिवड तिची. आरतीची वेळ झाली की तिला नेमकं चुलीपाशी काहीतरी काम निघायचं. ओटी भरायला दुसऱ्याच कुणीतरी असायच्या. सुरुवातीला मला राग यायचा, मग मी गावी जायचंच सोडलं. ज्याला चेहराच नाही अशा रीतीवर रागावून तरी काय उपयोग? सगळे तिच्याशी गोडच बोलत होते.

तुमची आठवण मात्र मला त्या दिवसांत एका वेगळ्याच ठिकाणची यायची. खंडेनवमीला कंपनीचं गेट घरच्यांसाठी उघडायचं, तेव्हाची. मी पाचवीत असेन. तुमचा लेथ धुऊनपुसून लख्ख, त्याला झेंडूची माळ. तुम्ही माझं बोट कुंकवात बुडवून मशीनला टेकवलंत. मी म्हटलं, मशीनला कशाला? तर म्हणालात, ‘वरीसभर हिच्यापुढं उभा राहतो. एक दिस तरी हिला विचारावं का न्हाई, कशी हायस म्हणून?’ तेवढ्यात पलीकडच्या मशीनवर एक उत्तरेकडचे गृहस्थ होते, त्यांनी मोहरीच्या तेलात शेंदूर कालवून आख्खं मशीन माखायला घेतलं. मला हसू फुटलं आणि मी चांगलं मोठ्यानं हसले. तुम्ही माझा दंड धरून मला खांबामागं नेलंत. तुम्ही कधी ओरडत नसायचात, म्हणून ते जास्त लागलं. ‘हसायचं न्हाई. त्येची मशीन हाय, त्येची रीत हाय. आन् मशीन दोघांचीबी चालतीच की.’ नंतर मी रडवेली झाले म्हणून तुम्ही ड्रॉवरमधून पितळेचा एक छोटा भोवरा काढून दिलात, उरलेल्या तुकड्यातून स्वतः काढलेला. तो कंपनीबाहेर नेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून तुम्ही तो माझ्या वेणीच्या रिबिनीत बांधलात. वॉचमनला कळलं असणारच. तो हसला होता.

तुमचे जावई कॅथलिक आहेत, हे तुम्हाला आता लिहून कळवते आहे. मूळचे मंगळूरकडचे, वाढले पिंपरीत. चाकणला आम्ही एकाच कंपनीत होतो. ते क्वालिटीत, मी परचेसमध्ये. त्यांनी नाकारलेला माल मी परत पाठवायचा, अशा भांडणातून ओळख झाली. आईला सांगितलं तेव्हा तिनं दोनच प्रश्न विचारले, पितो का आणि घरात आवाज चढवतो का. दोन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘तुझे अण्णा असते तर काय म्हणले असते?’ ते आज तुम्हालाच विचारते आहे. मी धर्म बदलला नाही, त्यांनी बदला म्हटलं नाही, चर्चनं लग्नाला रीतसर परवानगी दिली. मुलगी झाली, तिचा बाप्तिस्मा झाला. आम्ही निघोज्यात फ्लॅट घेतला आणि आई आमच्याकडं राहायला आली. दोघांच्या शिफ्टांच्या ओढाताणीत तुमच्या नातीला वाढवलं ते आईनंच. स्वयंपाकघरात आईचा देव्हारा, हॉलमध्ये जावयांचा क्रूस. आठवड्यातले सहा दिवस कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं.

रविवारी मिस्सेला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला, आम्ही सगळेच जायचो, आईसुद्धा. तिला एकटीनं घरी बसायचं नसायचं आणि तिथली गाणी आवडायची. जावई लहानपणापासून ज्या चर्चमध्ये गेले, तिथंच जायचो. नाव लिहीत नाही, कारण तिथं चांगली माणसं जास्त आहेत. पण आईला बाकावर बसवत नाही, गुडघे लोंबकळले की दुखतात. एके रविवारी ती सरळ पुढं गेली आणि देवळात बसतात तशी वेदीजवळच्या खांबाला पाठ टेकून, पायांची घडी घालून खाली बसली. कोट घातलेले एक गृहस्थ आले आणि तिला दंडाला धरून उठवलं. ‘यहाँ नहीं बैठते, आजी. पीछे.’ सगळ्यांनी वळून पाहिलं. बाहेर आल्यावर मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकरीचा पहिला प्रसाद घेण्यासाठी, तयार करणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. मुलीचं वय झालंय, पण घरात देव्हारा आहे, आजी तिला आरती शिकवते, मुलीचा गोंधळ उडेल, आजीला जरा लांब ठेवता येईल का बघा. अगदी हळू आवाजात, हसून म्हणाल्या. आई माझ्या मागंच उभी होती.

घरी येऊन तिनं काही कांगावा केला नाही. दोन दिवसांनी कपाटावरची पिशवी काढली. ‘मी जाती गावाकडं. माझ्यापायी लेकराचं देवाचं अडाया नको.’ मी खूप आदळआपट केली. म्हटलं, आम्ही चर्चला जाणंच सोडतो. तर माझ्यावरच डाफरली, ‘त्या पोरानं त्याचा देव सोडायचा व्हय माझ्यासाठी? तू सोडला का त्याच्यासाठी? मग?’ इकडं आड, तिकडं विहीर. मामाचं घरही त्याच गावात. तिथं ती गेली असती तर काय झालं असतं, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मागची खोली, चुलीपाशी नेमकी निघणारी कामं, आणि सगळे तिच्याशी गोड बोलणारे. तुमची नात आजीच्या कुशीशिवाय झोपत नाही. आणि मी? माझं वय झालं अण्णा, केस पिकले, पण दार उघडल्यावर आतून ‘आलीस का गं’ ऐकू आलं नाही तर मला घरी आल्यासारखं वाटत नाही.

जावयांनी तेव्हा जे केलं, त्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. ज्या चर्चमध्ये त्यांची मुंज म्हणावी तसं सगळं झालं, आईवडिलांच्या मयतीच्या प्रार्थना झाल्या, तिथल्या फादरना भेटून म्हणाले, ‘आमच्या आजीला जमिनीवर बसता येईल असं चर्च आम्ही शोधतो आहोत.’ भांडले नाहीत, त्या कोटवाल्यांचं नावही घेतलं नाही. मग आईला म्हणाले, ‘मम्मी, शोधून होईपर्यंत थांबा. नाही सापडलं तर मी स्वतः गावी सोडतो.’ आईनं पिशवी दाराशी ठेवली, पण रिकामी केली नाही. पुढचं चर्च लांब होतं, निगडीच्याही पलीकडं. माणसं सुस्वभावी, पण सगळं इंग्रजीत. आई तासभर छताकडं बघत बसली. बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, ‘पंखे लई भारी हायत.’

तिसरी जागा आमच्या घराजवळच निघाली आणि आम्हाला पत्ता नव्हता. कंपन्यांच्या मधोमध पत्र्याची एक शेड. पूर्वी पॅकिंगच्या खोक्यांचं गोडाऊन होतं, अजूनही एका भिंतीवर ‘धूम्रपान सक्त मनाई’ दिसतं. आत चर्च. मिस्सा मराठीत आणि हिंदीत आलटून पालटून. नगरकडची मराठी कुटुंबं, झारखंडहून कंत्राटावर आलेली पोरं, केरळच्या काही नर्स. चपला बाहेर काढलेल्या पाहिल्या तेव्हाच आईचा चेहरा जरा सैल झाला. आत बाकं निम्म्यातच होती, पुढं सतरंज्या. आई दारात अडखळली, माझ्याकडं पाहिलं, मी जावयांकडं पाहिलं, आणि तेवढ्यात सतरंजीवरून एका थोराड बाईनं हात केला, ‘या की ओ आजी, हितं भिताडाला टेका. तिकडं कशाला ताटकळता?’ त्या नगरच्या काकू. कंपनीतल्या पोरांसाठी मेस चालवतात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात क्रूस. मिस्सा संपल्यावर कागदी कपातला चहा पिताना त्यांनी आईला विचारलं, ‘कुठल्या तुमी?’ आई म्हणाली, तुळजापूरकडच्या. ‘आगं बाई! आमची भाची दिलीय की तिकडं.’ आणि दोघी भाचीच्या सासूवर घसरल्या. आम्ही कोण, आमचं काय, मुलगी कोणत्या धर्मात, हे कुणी विचारलंच नाही. फादरनी विचारलं, पण तिसऱ्या रविवारी, आणि ऐकून म्हणाले, ‘बरं. मुलीला शनिवारी चारला पाठवा शिकवणीला. आजी सोडायला आल्या तर बरं, तेवढाच त्यांना चालायचा व्यायाम.’ फादर तरुण आहेत, स्कूटरवर हिंडतात, हेल्मेटमध्ये केस चपटे झालेले असतात.

तरीही पिशवी दाराशीच होती, अण्णा. बोलावणं एक आणि राहणं एक. आई म्हणायची, ‘चार दिसाची पाहुणी म्हणून समदेच गोड बोलतेत.’

मग भाद्रपद आला. आठ सप्टेंबरला मरियेचा, येशूच्या आईचा, जन्मदिवस असतो. त्याआधीचे नऊ दिवस तिची मूर्ती एकेका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी सगळे तिला घेऊन येतात, जपमाळ म्हणतात, दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी नेतात. यंदा लक्ष्म्यांचे दिवस नेमके त्यातच आले. आईला यंदा गावी जायचंच होतं, ‘गेली की तिकडंच ऱ्हाती’ असं ठरलेलं. पण आमच्या घराची पाळी लागली आणि काकूंनी तिला थांबवून घेतलं. मूर्ती येणार म्हटल्यावर आईनं जावयांना विचारलं, ‘म्हंजे माहेरपणाला यायलीय व्हय?’ जावई म्हणाले, तसंच काहीसं. ‘हिचे मालक काय करायचे?’ सुतार होते, जोसेफ त्यांचं नाव, ते लवकर गेले असं मानतात. ‘आन् पोरगं?’ जावयांनी हॉलमधल्या क्रूसाकडं बोट दाखवलं. आई त्याकडं कितीतरी वेळ पाहत राहिली. इतकी वर्षं ती त्याच्याखालून केर काढत होती.

मूर्ती आली, प्रार्थना झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, घरात आई आणि ती. चारला मी दार उघडलं तर पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास. हॉलमध्ये चौरंगाला रांगोळी, दारापासून चौरंगापर्यंत लक्ष्मीची पावलं. मरियेपुढं केळीच्या पानावर पुरणपोळी, आंबील, भाज्या मोजल्या नाहीत पण पान भरलेलं. तिच्या पायाशी खण, नारळ, तांदूळ. आणि तिच्या पांढऱ्या पायांवर, निळ्या झग्याच्या काठावर आणि कपाळावर ठसठशीत हळदकुंकू. तासाभरात चर्चचे लोक मूर्ती न्यायला येणार, एवढंच डोक्यात. मी फडकं ओलं केलं आणि कपाळापासून पुसायला लागले. प्लॅस्टरची मूर्ती ती, कुंकू पुसतं कसलं, आणखी पसरलं. मग पाय चोळायला घेतले तर ते गुलाबी झाले. आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ‘आगं, बाईचं कुंकू पुसायलीस?’

मी फडकं खाली टाकलं. तुमच्या दहाव्याच्या दिवशी बायकांनी तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं, ते मी दाराच्या फटीतून पाहिलेलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही. मी पुसलं होतं त्या जागी तिनं डबी आणून पुन्हा नीट, गोल कुंकू लावलं. मी बाजूला उभी राहून पाहत राहिले.

लोक आले. पुढं शनिवारच्या शिकवणीचे सर होते, मागं काकू, फादर आणि बाकीचे. सर पाहून चरकले. ‘हे काय? मूर्तीला कुंकू? उद्या लोक म्हणतील, चर्चात पूजा चालते. हे बरोबर नाही.’ त्यांचंही चुकत नव्हतं. ते त्यांच्या घराची रीत सांभाळत होते. जावई पुढं होऊन बोलणार, इतक्यात आईच पुढं आली. ‘मी केलंय. लेकीचं आन् जावयाचं काय न्हाई ह्यात.’ फादरनी विचारलं, ‘का केलंत, आजी?’ रागानं नाही, खरंच समजून घ्यायला विचारलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आई म्हणाली, ‘लक्ष्म्यांच्या दिवसांत बाई घरी आली. तिला तशीच कशी लावून द्यायची? माझ्या हातची वटी आमच्यात चालत न्हाई, मालक गेल्यापासून मी कुणाची भरली न्हाई. पर ही तर माझ्यावानीच. मालक न्हाई, आन् हिचं तर पोरगंबी डोळ्यादेखत गेलेलं. वाटलं, ही मला नगं म्हणायची न्हाई. चुकलं असंल तर सांगा, मी उद्याच्या गाडीनं जाती.’

सरांनी चष्मा काढून पुसला. फादर चौरंगापुढं खाली बसले, गुलाबी पायांकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं. म्हणाले, ‘गाडीबिडी काही नको. तिला पाहुणी म्हणून आम्हीच आणून सोडलं, पाहुणचार घरच्या रीतीनंच होणार. फक्त पुढच्या वर्षी कुंकू वाटीत भरून पायाशी ठेवा, आजी. प्लॅस्टर रंग पितं हो, रंगवणारा मला बोलतो.’ आई म्हणाली, ‘बरं.’ ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द तिनंही ऐकले आणि मीही ऐकले. तोवर काकू वाकून खणातलं सामान तपासत होत्या. ‘सुपारी हाय, हळकुंड हाय. आन् खारीक-बदाम ओ? अशी कुठं वटी असती व्हय?’ आई ओशाळून म्हणाली, घरात नव्हते. ‘मग आता आमच्याच घरी यायचीय, तिथं घालू. आता माझी भरा.’ आणि त्यांनी पदर पसरला.

आई मागं सरकली. ‘सवाष्णीची मी कशी भरू, बाई?’ काकू खळखळून हसल्या. ‘सवाष्ण कुठली! माझा मालक जाऊन जमाना झाला. कुंकू मी लावती ते मला आवडतंय म्हणून, आन् मला कुणी इचाराया येत न्हाई. भरा.’ आईनं माझ्याकडं पाहिलं. मग डब्यातून ओंजळभर तांदूळ घेतले आणि काकूंच्या पदरात घातले. निम्मे खाली सांडले. तिसऱ्या ओंजळीला एकही दाणा सांडला नाही. काकूंनी तिथल्या तिथे तिची ओटी भरली. आमच्या हॉलमध्ये, क्रूसाखाली, फादर आणि सर आणि झारखंडची शेजारीण बघत असताना, आईचा पदर इतक्या वर्षांनी भरला. मी रडले. सरांनी पुरणपोळी मागून घेऊन खाल्ली, तूप जास्त घाला म्हणाले. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात.

दुसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला की आठ तारखेला शेडमध्ये जेवण आहे, आणि पुरण कोण घालणार म्हणून आता दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. आई दिवसभर हरभऱ्याच्या डाळीला नावं ठेवत होती. पिशवी मी रिकामी केली नाही, तिची तिनंच केली, कारण तिला त्यातला मोठा डाव हवा होता. आठ तारखेला शेडमध्ये ती तोच डाव घेऊन वाढत होती, पंगतीच्या मधोमध, सगळ्यांच्या समोर. तुमच्या नातीनं तिच्या वर्गातल्या मुलींना सांगितलं, ‘ती वाढतेय ना, ती माझी आजी.’ मामांचा फोन आला तर म्हणाली, ‘मला इकडं कामं हायती रं.’ मी देवाचे आभार मानले. कोणत्या देवाचे, ते त्यानं त्याचं ठरवावं.

हे सगळं तुम्हाला आनंदानं लिहिलं, आणि आनंदच आहे. पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं मी मागं ठेवलंय. ओटी भरून झाल्यावर काकूंनी आईला हळद लावली. मग करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळाकडं नेलं. मला ते बघायचं होतं, याच एका गोष्टीची मी किती वर्षं वाट पाहत होते. आईनं काकूंचा हात हलकेच धरला. ‘हळद बास. कुंकू नगं.’ काकू म्हणाल्या, अहो, आता कोण काय म्हणणार? आई म्हणाली, ‘कुणाला भिऊन न्हाई म्हणत मी. मला ह्यांनी लावलंतं. त्यावर दुसऱ्या कुणाचं नगं.’ आणि पदर सावरत पानं वाढायला आत गेली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, अण्णा. काहीतरी आपल्याजवळ जपून ठेवलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवता येणार नाही, आई दर शुक्रवारी तिथली धूळ पुसते आणि तिला वाचता येतं. तिनं हे वाचू नये असं मला वाटतं. त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांतलं पाणी सगळ्यांनी आनंदाचं धरलं, आणि अर्धं होतंही. तिला माझ्या घरात जागा व्हावी म्हणून मी गावभर हिंडले, तिच्यासाठी आम्ही चर्च बदललं, ती माझ्याकडं राहिली, माझ्या मुलीला कुशीत घेऊन झोपते. आणि तिच्या कपाळावरची ती एवढीशी जागा अजून तुमचीच आहे. मला तुमचा हेवा वाटला.